दुसऱ्या हाकेचा माणूस

हाक मारली की काका हातातलं काम थांबवायचे, मान जराशी डावीकडे कलती करायचे आणि गप्प उभे राहायचे. ओ द्यायचे नाहीत. ऐकू आलं नसेल असं वाटून तुम्ही पुन्हा हाक मारायची, की लगेच हसून, "बोल गो, ऐकतोय." पहिल्या वेळीच ऐकलेलं असायचं. पण पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हा त्यांचा नियम होता, आणि तो मोडलेला आमच्या जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गमध्ये कुणी पाहिला नव्हता.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला त्याच्या एका खोडीवरून सगळं गाव ओळखतं. आमच्या गावातलं ते माणूस म्हणजे काका. ते माझे कोणीच लागत नव्हते. गाड्यांचे आवाज मोजायच्या लॅबमध्ये ते माझे सीनियर होते. गाडीचं दार लावताना होणारा थप श्रीमंत वाटतो की दरिद्री, हे ठरवायचा आम्हाला पगार मिळतो. ऑफिसात सगळे एकमेकांना पहिल्या नावाने अरेतुरे करतात, तसे त्यांनाही करत. पण डिपार्टमेंटमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, आणि तोंडावर त्यांना नावाने हाक मारायची माझी छाती नव्हती. म्हणून काका.

एक नवा ग्रुपलायटर, म्हणजे आमच्या गटाचा प्रमुख, आला. त्याने पहिल्याच आठवड्यात काकांना तीन-चारदा हाका मारल्या, मान कललेली पाहिली आणि काळजीच्या चेहऱ्याने त्यांना कंपनीच्या डॉक्टरकडे पाठवलं. आवाजाच्या लॅबमधला माणूस बहिरा निघाला तर पंचाईतच. काका तपासणी करून आले. डॉक्टर म्हणाला होता, या वयात असे कान मी पाहिले नाहीत.

"गेनाऊ, अगदी बरोबर," काका मला म्हणाले, "ऐकू येतं म्हणूनच तर थांबतो."

त्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा मी कारण विचारलं. सोलकढीचा पेला हातात होता. काका खाडीकाठच्या गावातले, मालवणच्याही पुढचे. म्हणाले, "आमच्या खाडीत तिन्हीसांजेला हाक येते. तुझ्या ओळखीच्या आवाजात येते. पण एकदाच. माणूस असला तर दुसऱ्यांदा मारतो. खाडीतले ते मारत नाहीत. ओ दिलीस की गेलीस."

"काहीतरीच."

"माझ्या धाकट्या चुलत्याने दिली होती. होडी परत आली. तो नाही आला."

हे त्यांनी लिंबाची फोड पिळता पिळता सांगितलं. मी विचारलं, तुमचा यावर विश्वास आहे? इंजिनियर माणसं आपण.

"विश्वास कसला गो? टॉलरन्स. डिझाइनमध्ये चुकीला थोडी जागा ठेवतेस ना? तसा. खर्च काही नाही."

"खर्च नाही कसा," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "माझा घसा लागतो त्याला!"

काकू पुण्याच्या. कोकणातल्या भुताखेतांना त्या पाहुण्यांसारखं वागवायच्या, म्हणजे फार डोक्यावर बसवायच्या नाहीत आणि अपमानही करायच्या नाहीत. नवऱ्याला बोलवायचं तर त्या जोडीनेच हाका मारत. "अहो," मग एक श्वास, मग "अहो!" पहिली भुतांची, दुसरी ह्यांची, असं त्या सांगत. मंगलाष्टकांत सावधान एकदाच म्हणायची पद्धत असती तर हे बोहल्यावर मान वाकडी करून उभेच राहिले असते, हा त्यांचा ठरलेला विनोद होता. आम्ही दर वेळी हसायचो आणि काका दर वेळी लाजायचे.

मासेमारी हे काकांचं दुसरं वेड. खाडीकाठचा माणूस, पण इथे त्यांना भेटला तो साल्मन. आपल्याकडे त्याला सरसकट रावस म्हणून खपवतात. काका म्हणायचे, हा रावस नाही, रावसाचा परदेशात स्थायिक झालेला चुलतभाऊ. बाल्टिक समुद्राला इकडे ओस्टझे म्हणतात. त्यातल्या र्‍यूगेन बेटाच्या उत्तरेला वसंतात साल्मन येतो, आणि त्याला पकडायची रीत म्हणजे ट्रोलिंग. बोट माणसाच्या भरभर चालण्याच्या वेगाने पुढे न्यायची आणि मागे, आजूबाजूला लांबवर दोऱ्या सोडून खोटे मासे ओढत राहायचं. हे खोटे मासे म्हणजे प्लग. लाकडाचा, बोटभर किंवा वीतभर लांबीचा, पोटात शिसं, तोंडाला पारदर्शक जीभ. ती जीभ पाणी कापते आणि प्लग जखमी माशासारखा लटपटत पोहतो. गळाशी बसून वाट बघायची मासेमारी ही नव्हे. यात तुम्ही सतत चालत असता, आणि मागून कोणीतरी यावं म्हणून आमिष फरफटवत नेता.

प्लग ते स्वतः बनवत, घराच्या तळघरात, केलरमध्ये. लाकूड तासायचं, घासायचं, रंगवायचं. रंगांची नावं काकूंनी दिलेली आणि सगळी साड्यांची: मोरपंखी, आमसुली, चटणी, इंग्लिश हिरवा. नवा प्लग तयार झाला की काका गावातल्या तळ्याच्या धक्क्यावरून दोरीने त्याला पाण्यात ओढत चालत. बाकीचे जर्मन कुत्रे फिरवायचे, हे प्लग फिरवायचे. मागून बदकं. प्लग डावीकडे पळायला लागला की नाकातली तारेची कडी किंचित उजवीकडे वाकवायची, पुन्हा पाण्यात सोडायचा. सरळ पोहेपर्यंत हे चालायचं.

एकदा आम्हाला, म्हणजे मला आणि माझ्या नवऱ्याला, ते बोटीवर घेऊन गेले. बोटीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे गळाच्या काठ्या खोचलेल्या होत्या. मी विचारलं, खाली खोल पाण्यात प्लग नीट पोहतोय हे इथून कळतं कसं?

"काठीचं टोक बघ. मान हलवतंय ना? म्हणजे पोहतोय. शेवाळ अडकलं की मान थांबते."

खरंच सगळी टोकं एका लयीत माना हलवत होती, कीर्तनाला पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांसारखी. काकू आपला हिरवा स्वेटर घालून, थर्मास मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या स्वेटरचं एक बटण हरवल्यामुळे तिथे काकांच्या शर्टाचं पांढरं बटण लावलेलं होतं. त्या पक्क्या शाकाहारी. मासा लागला की त्या माशाच्या बाजूने. "सूट रे, सूट! अहो, सैल सोडा ना जरा!" इथे आता नियम असा आहे की पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा पर कापलेला असेल तो साल्मन घरी न्यायचा, कारण तो माणसांनी वाढवून सोडलेला. पर शाबूत असेल तो समुद्राचा, त्याला परत सोडायचं. त्या दिवशीचा समुद्राचा निघाला. काकूंनी टाळ्या वाजवल्या आणि काकांना चहा दिला, सांत्वनाचा.

हे सगळं सांगायला मला आवडतं. याच्या पुढचं आवडत नाही.

काकू गेल्या त्या एका साध्या शनिवारी दुपारी, स्वयंपाकघरात, मेंदूतली रक्तवाहिनी फुटून. कणिक भिजवलेली होती. आम्ही सगळे जमलो. त्यांची मुलगी सायली रेगेन्सबुर्गहून आली. ती इथेच जन्मलेली, मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमध्ये देते. काकूंची एकदा चेष्टेत सांगितलेली इच्छा तिला आठवत होती: गंगेपर्यंत कशाला, ओस्टझे जवळ आहे. या देशात अस्थी घरी ठेवायची परवानगी नाही, पण समुद्रात विरघळणारा कलश सोडता येतो. र्‍यूगेनपासून आत, कप्तानाने इंजिन बंद केलं, घंटा वाजवली, कलश दोरीने पाण्यात सोडला आणि बोटीने त्या जागेभोवती एक फेरी घेतली. काकांनी फुलं टाकली. डोळ्यांत पाणी नव्हतं. मान तेवढी डावीकडे कललेली होती. तेव्हा मला वाटलं, दुःखाने माणूस कसाही उभा राहतो.

त्यानंतर महिन्याभराने ते माझा डबा परत करायला आले. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत म्हणून त्यात साखर भरून आणली होती. बसले. आणि न विचारता सांगायला लागले.

"मी खाली केलरमध्ये होतो. आमसुली प्लग घासत होतो. तिने वरून हाक मारली. अहो. एकदा."

मी चहाचं भांडं खाली उतरवलं.

"मी थांबलो, दुसरीसाठी. आली नाही. म्हटलं, राहिलं असेल काहीतरी, तिचं तिने केलं असेल. मग ती दुसरी बाजू घासून पूर्ण केली गो मी. कागद बदलला. मग वर गेलो."

डॉक्टरने त्यांना सांगितलं होतं की लगेच धावत गेले असते तरी काही उपयोग नव्हता, क्षणात खेळ आटोपला होता. मीही तेच पुन्हा सांगितलं. आपण असंच काहीतरी सांगतो.

"वाचली नसती, ते कळतं मला. पण तिला ओ ऐकू आली असती. एवढी वर्षं तिने माझ्या भुतांसाठी एक जास्तीची हाक मारली. शेवटची एकच मारायची ताकद होती, आणि ती मी भुतांना देऊन टाकली."

मग म्हणाले, "आता तिने एकदा मारली पाहिजे. एकदाच. पहिलीला ओ देईन मी."

मी साखरेचा डबा बंद केला.

पुढच्या वसंतात ते एकटेच बोटीवर जायला लागले. शुक्रवारी संध्याकाळी र्‍यूगेनला जायचे, रविवारी परत यायचे. मासा आणायचे नाहीत. एका सोमवारी लॅबमध्ये त्यांचा चेहरा पाहून मी दार लावून घेतलं. म्हणाले, "आली होती हाक. तिथेच, तिला सोडलं त्या जागेवर. आणि माझा हात तोंडावर गेला. लहानपणी आईने लावलेली सवय, हाक आली की तोंडावर हात ठेवायचा. पुन्हा तेच केलं गो मी. पुन्हा थांबलो."

भूत दिसलेल्या माणसासारखे ते दिसत नव्हते. बस चुकलेल्या माणसासारखे दिसत होते.

सायलीला मी फोन केला. ती रडली आणि मग जर्मनमध्ये मला म्हणाली, प्लीज, बाबांना एकट्याला जाऊ देऊ नकोस. म्हणून एप्रिलमध्ये मी त्यांच्याबरोबर गेले. माझ्याकडे मासेमारीचं लायसन नाही, आणि या देशात लायसन नसलेल्या माणसाने गळाला हातही लावायचा नसतो. तेव्हा मी सुकाणूवर आणि काका काठ्यांवर.

सकाळी निघालो तेव्हा ऊन होतं. बेटाचे खडूचे पांढरे कडे लांबून चमकत होते. काकांनी एकेक प्लग आधी बोटीच्या कडेला पाण्यात धरून पाहिला, सरळ पोहतोय अशी खात्री झाल्यावरच दोरी सोडली. मोरपंखी, चटणी, इंग्लिश हिरवा. सगळ्यात मागे, मधोमध, आमसुली. एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने जास्तच गुळगुळीत. मी तो ओळखला आणि दुसरीकडे बघितलं.

तासाभरात धुकं आलं. ओस्टझेवर ते येतं तेव्हा कुठून येतं हे कळत नाही. कडे गेले, मग क्षितिज गेलं, मग आमच्याच लांबच्या दोऱ्या अर्ध्यातून नाहीशा झाल्या. उरली बोट, इंजिनचा बारीक घरघराट आणि काठ्यांची हलणारी टोकं. मी म्हटलं, काका, परत फिरूया. ते म्हणाले, "आल्झो, तर मग, सरळ चल. थोडंच राहिलंय." कशाला थोडं राहिलं होतं ते आम्हा दोघांना माहीत होतं. समोरच्या स्क्रीनवर ती जागा बारीक खुणेने दाखवलेली होती. काका स्क्रीनकडे बघतही नव्हते.

बोट त्या खुणेवर आली आणि काठ्यांच्या माना थांबल्या.

एकीची नाही, सगळ्यांच्या. इंजिन चालू होतं, वेग तोच होता, पाणी मागे सरत होतं. शेवाळ एका प्लगला अडकेल, दोघांना अडकेल. पण सगळी टोकं एकदम स्थिर झाली, बुवांनी निरूपण मध्येच थांबवून श्रोत्यांकडे बघावं तशी. मी काकांना हाक मारणार होते आणि मारली नाही, कारण माझी ती पहिली हाक ठरली असती.

आणि मग हाक आली.

मी जेवढं ऐकलं तेवढंच सांगते. शब्द कळला असं म्हणणार नाही. बाईचा आवाज होता असंही छातीठोकपणे सांगणार नाही. लांबलेला, शेवटी जरासा वर चढलेला, आणि एकदाच. आवाज कुठल्या बाजूने येतो हे शोधण्यात माझं आयुष्य चाललंय. त्या आवाजाला बाजू नव्हती.

काकांचा उजवा हात तोंडाकडे गेला. मी पाहिलं. तोंडावर बसलाही. मग त्यांनी डाव्या हाताने तो मनगटाला धरून खाली ओढला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. ओठ हलले, पण आवाज फुटेना. मी मनात म्हटलं, द्या हो, द्या. मी, जी भुतांवर विश्वास ठेवत नाही, आणि त्यांना अडवायलाच आलेली होते.

"ओ!"

ते इतक्या मोठ्याने ओरडले की मी दचकून सुकाणू सोडलं. "ओऽऽ!" धुक्याने तो आवाज गिळून टाकला, काहीच परत आलं नाही. आणि मागच्या मधल्या काठीचं टोक वाकलं, रीळ किंचाळत सुटलं. आमसुलीला मासा लागला होता.

खूप वेळाने तो बोटीजवळ आला. चांदीसारखा, मोठा. काकांनी वाकून त्याच्या पाठीवर बोट फिरवलं. छोटा पर शाबूत होता. समुद्राचा होता तो. त्यांनी तो पाण्यातच ठेवून गळ सोडवला, थोडा वेळ दोन्ही हातांत धरला आणि सोडला. मग बोटीच्या तळावर बसून रडले, लहान मुलासारखे हुंदके देऊन, आणि मीही रडले. काठ्या पुन्हा माना हलवायला लागल्या होत्या. कधीपासून, ते माझ्या लक्षात आलं नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तिकडे समुद्रबदकं असतात, वसंतात त्यांचे नर असेच माणसासारखे ओरडतात. असतील. बंदर सांभाळणारा म्हाताराही हेच म्हणाला होता. पण एकदा ओरडून गप्प बसणारं बदक मला अजून भेटायचंय.

त्या दिवसानंतर काका बदलले. पहिल्या हाकेला ओ द्यायला लागले. ऑफिसात सगळ्यांना बरं वाटलं. ग्रुपलायटर तर म्हणाला, अखेर कानाचं मशीन घेतलंस वाटतं. काका हसले. खायला लागले, दाढी रोज करायला लागले. सायलीने मला फोनवर थँक्यू म्हटलं. मलाही वाटलं, चला, माणूस मार्गी लागला.

मग ते कुणी न मारलेल्या हाकांनाही ओ द्यायला लागले.

मीटिंगमध्ये, कुणी आकडे वाचून दाखवत असताना, काका मध्येच हळूच "ओ" म्हणायचे. कँटीनच्या रांगेत ट्रे घेऊन उभे असताना. पार्किंगमध्ये. चेहरा घाबरलेला नसायचा, कामात असलेल्या माणसाला घरच्यांनी हटकावं तसा असायचा. मी म्हटलं, काका, डॉक्टरला दाखवूया. म्हणाले, "दाखवलं की मागे. कान उत्तम आहेत."

आमच्या लॅबमध्ये एक शांत खोली आहे. भिंती, छत, जमीन, सगळीकडून आवाज शोषून घेणारी. तिथे बाहेरचं काही येत नाही, आतलं काही परत येत नाही. दोन मिनिटं उभं राहिलं की स्वतःचं रक्त ऐकू येतं. एका दुपारी काका आत मायक्रोफोन लावत होते आणि मी बाहेर हेडफोन घालून बसले होते. रेकॉर्डिंग चालू होतं.

"ओ," काका म्हणाले.

मग थांबले. कुणीतरी काहीतरी लांबलचक सांगतंय आणि आपण ऐकून घेतोय, असे थांबले. मग म्हणाले, "हो, आणतो. लक्षात आहे."

ते बाहेर आल्यावर मी विचारलं, कोण काय म्हणालं?

"स्वेटर गो. गार असतं ना तिथे."

ते गेल्यावर मी रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं. त्यांच्या बोलण्याच्या मधल्या जागेत काही नव्हतं. मशीनने काही नाही असंच दाखवलं. मला मात्र ती जागा रिकामी वाटली नाही, आणि असं का वाटलं हे मला मोजून दाखवता येत नाही.

त्या आठवड्यात मी सायलीला बोलावून घेतलं. ती शनिवारी येणार होती. काका गुरुवारीच सुट्टी टाकून गेले.

बोट दुसऱ्या एका मासेमाराला सापडली. धुक्यातून अगदी सावकाश, भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने ती त्याच्यासमोरून गेली. त्याने रीतीप्रमाणे हाक मारली आणि मग त्याच्या लक्षात आलं की बोटीत कोणी नाही. इंजिन चालू, सगळ्या काठ्या जागच्या जागी, टोकं माना हलवतायत. सगळे प्लग व्यवस्थित पोहत होते, एकालाही शेवाळ नाही. फक्त मागच्या मधल्या काठीची दोरी गुंडाळलेली होती आणि तिच्या टोकाला आमसुली नव्हता. मासा उचलायची जाळी ओली होती. पोलिसांनी सांगितलं, मासा सोडायला वाकले असतील, तोल गेला असेल, या पाण्यात माणूस फार वेळ टिकत नाही. तसंच झालं असेल. बाकावर थर्मास होता आणि दोन कप. दोन्ही पिऊन रिकामे.

सायली आणि मी त्यांच्या घरी गेलो. केलरमध्ये सगळं झाडूनपुसून ठेवलेलं, रंगांच्या डब्यांची झाकणं घट्ट. दाराजवळच्या खुंटीवर काकू गेल्यापासून तो हिरवा स्वेटर टांगलेला असायचा. खुंटी रिकामी होती. बोटीतही तो सापडला नव्हता, मी पोलिसांना दोनदा विचारलं.

शोध थांबवल्यावर आम्ही दोघी त्या बंदराच्या धक्क्यावर गेलो. सकाळ होती, पण पाण्यावर धुकं बसलेलं. रिकामी बोट बांधून ठेवली होती, काठ्या अजून खोचलेल्याच. सायली धक्क्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. आयुष्यभर जर्मनमध्ये उत्तरं देणारी ती पोर, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली.

"बाबाऽऽ!"

आवाज गेला. काहीच परत आलं नाही. बांधलेल्या बोटीतल्या काठ्यांची टोकं मात्र, समोर अगदी सपाट पाणी असताना, एकदा हलली आणि थांबली. कोणीतरी काम थांबवून मान कलती करावी आणि वाट बघावी, तशी. सायलीने ते पाहिलं नाही. तिने दुसऱ्यांदा हाक मारायला श्वास घेतला.

दुसऱ्या हाकेला काका आले नाहीत, असं कधी झालं नव्हतं. मी पुढे होऊन तिचा हात धरला.

"वारुम?" का, असं तिने विचारलं.

"नको गं," मी म्हटलं. "दुसरी मारलीस तर यावं लागेल त्यांना. आत्ता कुठे पोचलेत."